चौदा मणाचा टायर

रंगनाथ सुताराची गोष्ट मी सांगू नये, असं माझ्या बायकोचं, विजयमालेचं, म्हणणं. "त्येंचं नाव निघालं का तुमचं तोंड चिंच खाल्ल्यावानी हुतं," म्हणते. होतं. खोटं कशाला बोलू? निम्मा जन्म मी त्या माणसावर जळण्यात घालवला. घोडेगावात कुणालाही विचारा, रंगनाथ कसा माणूस, तर समोरचा डोक्याची टोपी सारखी करून सांगेल, देवमाणूस. मला तेच सोसत नाही. पण त्याच्या हाताचं काय झालं आणि का झालं, हे माझ्याएवढं कुणालाच ठाऊक नाही. म्हणून सांगायचं तर मीच सांगायला पाहिजे.

आम्ही दोघं एका वयाचे. त्याचा बाप बैलगाडीची चाकं करणारा सुतार, माझा बाप गाडीवान. घोडेगावला बैलांचा मोठा बाजार, त्यामुळं गाड्यांची ये-जा बारमाही, आणि सुताराच्या छपराखाली नेहमी चार-दोन चाकं टेकून ठेवलेली. रंगनाथ बापाच्या हाताखाली शिकला आणि मिसरूड फुटायच्या आत बापाच्या पुढं गेला. आरे तो असे बसवायचा की चाक दगडावरनं गेलं तरी कुरकुरायचं नाही. वर लोखंडाची धाव चढवायची ती शेणकुटाच्या आगीत लाल करून, आणि पाणी ओतलं की चाकाला अशी आवळून बसायची की पाच वर्षं बघायला नको.

पण गाव त्याला मानायचं ते एवढ्यासाठी नाही. त्याला वजन कळायचं. धुळीत उमटलेली चाकोरी बघून तो सांगायचा, ह्या गाडीत किती मण माल होता. चौदा-पंधरा वर्षांचे असू आम्ही. माझा बाप नगरहून कडब्याच्या पेंढ्या आणि ज्वारीची पोती घेऊन आला. रंग्यानं वाकून चाकोरी बघितली अन म्हणाला, "तात्या, आज दोन पोती जास्त घेतली तुमी." बाप चाटच पडला. खरंच दोन जास्त होती. बापानं त्याची पाठ थोपटली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "पोरगं असावं तर असं." मी तिथंच उभा होतो हो, बैलाची वेसण धरून! बाप पुढं वारला, पण ते वाक्य काही मेलं नाही.

लढाई सुरू झाली तसा मी नगरला पळालो आणि लष्करात मोटारीवर भरती झालो. तिथं मी ड्रायव्हर झालो. नुसतं चक्र फिरवणारा ड्रायव्हर नव्हे. आमचा एक शिकवणारा सुभेदार होता, त्यानं आमच्याकडून टायरचा तक्ता पाठ करून घेतला. कुठला टायर किती वजन झेलतो, हवा किती, उन्हात काय होतं, सगळं. तो एकच गोष्ट दिवसातून दहा वेळा ओरडून सांगायचा. "टायरला माल कळत नाही, टायरला वजन कळतं! गाडीचं लोखंड, टाकीतलं पेट्रोल, ड्रायव्हरचं ढुंगण आणि त्याच्या खिशातली विडी, सगळं टायरवर!" आम्ही हसायचो, पण ते डोक्यात पक्कं बसलं.

सेहेचाळीस साली सुटून गावी आलो. खाकी पँट, पायात बूट, खिशात लायसन. मला वाटलं, आता गाव माझ्याभोवती गोळा होणार. झालंही, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पाराजवळ एकानं विचारलं, "सहादू, रंगनाथनं तुझ्या बापाच्या गाडीला नवी चाकं दिलीत, बघितलीस का? पैसं बी घेतलं न्हाईत, तात्याची गाडी म्हनला." मला सांगा, माझ्या बापाची गाडी, आणि उपकार करून मोठा होतोय कोण? घरी आलो तर बायको म्हणते, "रंगनाथ भावजींनी पोळपाट दिलाय करून, लई सुबक हाय." त्या दिवशी मी पोळी खाल्लीच नाही.

मग माझं नशीब उघडलं, असं मला वाटलं. गावात काकासाहेब म्हणून बैलांचे व्यापारी होते. मोठा माणूस, बोलणं तुटक, पण शब्दाचे पक्के. लष्कराच्या लिलावात त्यांनी एक लहान मालगाडी घेतली. पुढं दोन माणसांची जागा, मागं उघडी पेटी आणि ती बंद करायला फाळका. काकासाहेबांच्या डोक्यात असं की खिल्लारी जोडी पायी नगरला नेली की धुळीनं माखते, खूर दुखावतात, गिऱ्हाईक नाक मुरडतं. तीच जोडी गाडीतनं ताजीतवानी नेली तर! त्यांनी मला बोलावलं. "सहादेव, गाडी तुझ्या हाती. गाडीचं बरं-वाईट तू बघायचं." मी नुसता फुगलो. घोडेगावात मोटारीचं कळणारा एकच माणूस, सहादेव. ह्या एका गोष्टीत तरी रंगनाथ माझ्या आसपास फिरकू शकणार नव्हता.

गाडीचे टायर मात्र पार झिजलेले. दोन टायरांतनं आतलं सूत बाहेर डोकावत होतं. नवे घ्यायला नगरला जायचं ठरलं. मी म्हणलं, सकाळी निघू. काकासाहेब म्हणाले, "रंगनाथला बी घेऊ संगं."

"रंगनाथ कशाला?" मी विचारलं.

"चाकाचं काम हाय. चाकाचं काम रंगनाथबिगर करीत न्हाई आपन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टायर म्हणजे काय बैलगाडीचं चाक आहे? पण काकासाहेबांपुढं तोंड कोण उघडणार? सकाळी रंगनाथ धुतलेलं धोतर नेसून, भाकरी फडक्यात बांधून हजर. "सहादू, मला मोटारीतलं काय कळतंय? तू हाईस म्हनून येतो," म्हणाला. आणि तसं हसून म्हणाला की मला आणखीच राग आला.

नगरला टायरचं दुकान दत्तोपंतांचं. सडपातळ माणूस, काळी टोपी, कानावर पेन्सिल. लढाईनंतर टायर मिळायची मारामार होती, पण पंतांकडं थोडा माल आला होता. त्यांनी तीन टायर भिंतीला टेकवून दाखवले. "हे बघा काकासाहेब, दिसायला तिन्ही सारखे. फरक आहे तो आतल्या सुताच्या थरांत. त्याला प्लाय म्हणतात. हा चार प्लायचा, हा सहा, हा आठ. थर जास्त तितकं वजन जास्त झेलणार. आणि जास्त थरांचा टायर महाग, शिवाय कडक. रिकाम्या गाडीला उगाच हाडं खिळखिळी करील." मग त्यांनी इंग्रजी तक्ता काढला आणि पेन्सिलीनं पौंडांचे मण करून सांगितले. एकेका टायरला चार प्लाय अकरा मण, सहा प्लाय चौदा मण, आठ प्लाय बावीस मण.

काकासाहेबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "रंगनाथ, बोल," म्हणाले.

रंगनाथ खाली बसला. एकेका टायरवर त्यानं अंगठा दाबला, बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं, वास सुद्धा घेतला. मग म्हणाला, "एक बैल धा मण धरा. जोडी इसाची. बैल मागं ऱ्हानार, म्हंजी वजन मागल्या दोन चाकांवर. एकेकावर धा. आता बैल म्हंजी पोतं न्हवं. जित्राब हाय ते. घाटात चढ आला का मागं झुकनार, वळन आलं का कडंला रेटनार. त्या झुकीचं चार मण येगळं धरा. धा आन चार, चौदा. मधला टायर बरोबर बसतूय."

दत्तोपंतांनी पेन्सिल कानावरनं काढली आणि बघतच राहिले. "झुकण्याचं वजन! अहो, हे आजवर एकाही गिऱ्हाइकानं धरलं नव्हतं." काकासाहेबांची छाती रुंद झाली. आणि झुकीचं तर मलाही सुचलं नव्हतं. सुभेदारानं ते शिकवलंच नव्हतं.

पण दुसऱ्याच क्षणी मला ते दिसलं. गाडी! रंगनाथनं गाडी धरलीच नव्हती. बैल धरले, बैलांची झूक धरली, आणि चाळीस मणांचं लोखंड सोडून दिलं. मागच्या एकेका चाकावर गाडीचेच आठ मण होते.

त्याची चूक कुठं झाली हे मला लख्ख कळलं, कारण मी गाडीवानाचा पोरगा. आमच्याकडं वीस मणाची गाडी म्हणजे वीस मण माल वाहणारी गाडी. गाडीचं स्वतःचं वजन गाडीवान कधी मोजत नाही, सुतारानं चाक करतानाच ते मनात धरलेलं असतं. रंगनाथनं जन्मभर तशीच चाकं केली. चौदा मणाचा टायर म्हणजे चौदा मण माल झेलणारा, असंच त्याला वाटलं. टायर करणाऱ्याला तो कुठल्या गाडीला लागणार हे ठाऊक नसतं, हे त्याला कोण सांगणार? मी सांगायचं. एका वाक्याचं काम होतं. माझं तोंड उघडलं सुद्धा होतं.

दत्तोपंत हुशार. त्यांनी विचारलं, "सगळं धरलंत ना हिशोबात? नंतर माझ्याकडं येऊ नका."

"सगळं धरलं," रंगनाथ म्हणाला, आणि माझ्याकडं वळला. "व्हय न्हवं, सहादू?"

मी तोंड मिटलं. मी मनात म्हणलं, आज हा चुकलाय. पहिल्यांदा चुकलाय! महिन्याभरात टायर फुगेल, चार लोकांत मी बोट ठेवून दाखवीन, आणि मग काकासाहेब विचारतील, सहादेव, तू बोल. ती गाडी मीच चालवणार आहे, हे सुद्धा त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. द्वेष माणसाला इतकं येडं करतो.

सुताराकडं एक रीत असते. नव्या चाकावर धाव चढली, चाक निवलं, की सुतार ते गाडीवानाच्या हाती देतो आणि गाडीवान ते स्वतः पाच पावलं लोटत नेतो. चाक डुलतं का, एका अंगाला ओढतं का, हे त्याला हाताला कळतं. पाच पावलं झाली की चाक गाडीवानाचं. मग त्याची सुताराकडं तक्रार नाही. पाच पावलं लोटल्याशिवाय रंगनाथ कुणालाही चाक न्यायला द्यायचा नाही. त्यानं सहा प्लायचा टायर उभा केला आणि म्हणाला, "सहादू, गाडी तू हाकनार. लोट."

दुकानासमोर रस्त्यावर मी टायर लोटला. एक, दोन, तीन, चार, पाच. दत्तोपंतांना त्या रितीचं भारी कौतुक वाटलं, त्यांनी दुकानातल्या माणसांना बोलावून दाखवलं. "बघा, ह्याला म्हणतात जबाबदारी," म्हणाले.

आणि काय सांगू, टायर चालले! एक आठवडा, दोन, चार. खिल्लारी जोड्या इमामपूरचा घाट चढून नगरला ताज्यातवान्या जायला लागल्या. काकासाहेबांना भाव मिळायला लागला. गावभर एकच बोलणं, रंगनाथनं मोटारीचा टायर निवडला, अंगठा दाबून! बाजाराला आलेले नेवाशाचे, शेवगावचे लोक त्याचा अंगठा बघून जायचे. मी गाडी पुसत उभा असायचो, माझ्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. एक म्हातारा तर मला म्हणाला, "पोरा, तुजं काम सोपं झालं रं, टायर रंगनाथचं हायती." मला वाटलं, उचलावा आणि हौदात बुडवावा.

त्याहून वाईट म्हणजे मला माझीच शंका यायला लागली. सुभेदार चुकला का? तक्ता चुकला का? का ह्या माणसाच्या अंगठ्यापुढं लोखंडाचं वजन सुद्धा नमतं? घाट चढून आलो की मी खाली वाकून मागच्या टायरला हात लावायचो. भाजायचा. टायर इतका तापत होता म्हणजे तो झेपेनासं वजन ओढत होता. हे मला कळत होतं, आणि कळल्यावर मला बरं वाटत होतं. ऐका, बरं वाटत होतं! घरी विजयमालेनं विचारलं, "आज लई खुशीत?" मी म्हणलं, काही नाही.

वैशाख लागला. ऊन असं की डांबर बुटाला चिकटायचं. एका संध्याकाळी डाव्या मागच्या टायरच्या आतल्या बाजूला माझ्या बोटांना सुपारीएवढा फुगवटा लागला. मी तिथंच उकिडवा बसून राहिलो. हीच ती वेळ! पण आता दाखवला तर बघणार कोण? मी आणि काकासाहेबांचे बैल. मी ठरवलं, परवा बाजाराचा दिवस आहे, भरल्या बाजारात दाखवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकासाहेबांचा निरोप आला. नगरच्या गिऱ्हाइकाला जोडी आजच पाहिजे, गाडी काढ. मी गाडीपाशी गेलो तर रंगनाथ मागं बैलांच्या दाव्याला धरून उभा. "धावंची पट्टी आनायची हाय नगरवरनं. येतो तुज्यासंगं. बैल नवं हायती, बुजतील, म्या मागंच ऱ्हातो," म्हणाला.

अजून वेळ होता. मी म्हणू शकत होतो, रंग्या, खाली उतर, टायर बघ. पण माझ्या मनात दुसरंच आलं. नगरलाच जातोय ना? मग थेट दत्तोपंतांच्या दुकानासमोर गाडी उभी करू. जिथं ह्यानं अंगठा दाबला, जिथं सगळ्यांनी माना डोलावल्या, तिथंच दाखवू. काय थाट! मी गाडी सुरू केली. पांढरीपूल गेला, घाट लागला. मनात मी बोलण्याची तयारी करत होतो. काय झालंय पंत, रंगनाथनं गाडीच धरली नाही. असं, हलक्या आवाजात. जास्त बोलायचं नाही.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर टायर फुटला. तोफेसारखा आवाज झाला. गाडी डावीकडं बसली, मागं सरकली, मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी कडेच्या दगडाला अडली म्हणून आज मी बोलतोय. मागं वीस मण बैल एकदम फाळक्यावर आले होते.

मी धावलो. एका बैलाचं शिंग मोडलं होतं. रंगनाथचा उजवा हात मनगटापर्यंत फाळका आणि बैल यांच्यामध्ये सापडला होता. दावं त्यानं सोडलं नव्हतं, सोडलं असतं तर हात निघाला असता, पण मग बैल दरीत गेला असता. त्याचा चेहरा पांढरा फटक. माझ्याकडं बघून तो पहिलं काय बोलला ठाऊक आहे? "सहादू, तुला लागलं न्हाई न्हवं?"

त्या वेळी सुद्धा, मी शपथेवर सांगतो, माझ्या मनात आलं, हा इथं सुद्धा माझ्या वर गेला.

नगरच्या दवाखान्यात त्याची तीन बोटं काढली. अंगठा राहिला, पण मनगट ताठ झालं. लाकूड तासायचा वाकस धरायचा तोच हात. दवाखान्यात दत्तोपंत त्याला भेटायला आले होते, त्यांच्याशी बोलताना रंगनाथला आपली चूक कळली म्हणे. महिन्यानं तो गावात आला तो बाजाराच्याच दिवशी. काकासाहेब तेव्हा माझ्यावर खवळलेले. ड्रायव्हरनं नीट हाकली नाही, असंच सगळे म्हणत होते. माझी नोकरी जायच्या बेतात होती. रंगनाथ गळ्यात हात अडकवून पाराजवळ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "टायर म्या निवडला. गाडीचं सोताचं वजन म्या धरलंच न्हाई. चूक माजी हाय. सहादूला बोल लावू नका. त्येनं ब्रेक धरला म्हनून बैल वाचलं, म्या वाचलो."

मग काकासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चूक अशी कबूल करनारा मानूस तालुक्यात दुसरा न्हाई." म्हणजे चुकला तरी तोच मोठा! मी मागं उभा होतो. मला वाटलं होतं, तो चुकला की मी वर येईन. तो चुकला आणि आणखी एक वीत उंच झाला.

माझी नोकरी राहिली. आठ प्लायचे टायर मी निवडले, गाडी धरून, बैल धरून, आणि हो, झूक धरून. हळूहळू नगर-औरंगाबाद रस्त्यावर ज्यानं ज्यानं लिलावातली गाडी घेतली तो मला विचारायला यायला लागला. आणि त्यांना माझ्याकडं पाठवायचा कोण? रंगनाथ. "टायरचं सहादेवला इचारा. त्येला समदं कळतंय," म्हणायचा. मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं, आणि ते सुद्धा त्याच्याच हातनं मिळालं.

त्याच्या छपराखाली आता चाकं नसायची. त्याची बायको लंकाबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. तो डाव्या हातानं लाटणी, रवी, खेळण्यातल्या गाड्या करत बसायचा. विजयमाला त्यांच्याकडं ज्वारी देऊन यायची. एक दिवस परत आली आणि म्हणाली, "लंकाबाई म्हनत हुती, सहादेव भावजी हुते म्हनून मालक जित्ते हायती." त्या रात्री मला झोप नाही. सकाळी उठलो तो तडक त्याच्या छपराकडं गेलो. एकोणपन्नास साल होतं, दोन वर्षं झाली होती.

तो लाकडाची एक लहान गाडी पायात धरून घासत होता. मी उभ्यानंच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो. म्हणलं, "रंग्या, मला दुकानातच कळलं हुतं. तू गाडी धरली न्हाईस ते."

त्याचा हात थांबला.

"फुटायच्या आदल्या दिशी फुगा बी हाताला लागला हुता," मी म्हणलं. "मला तुला लोकांत खाली बघायला लावायचं हुतं. बस. एवढ्यासाटी गप बसलो."

मला वाटलं, शिव्या देईल. मला त्या पाहिजे होत्या. उठून चार चौघांत सांगेल, तर तेही पाहिजे होतं, त्यानं तरी मी हलका झालो असतो. त्यानं त्या खेळण्यातल्या गाडीवरचा भुसा फुंकून टाकला. मग एवढंच विचारलं, "मग पाच पावलं कशाला लोटलास?"

"दवाखान्यात पडून म्या हेच म्हनत हुतो," तो म्हणाला. "म्हनलं, माजी चूक सहादूच्या बी ध्यानात आली नसंल. आली असती तर त्येनं चाक लोटलंच नसतं. गाडीवानाचा पोरगा हाय." आणि तो परत घासायला लागला. मी निघून आलो.

त्यानं कुणालाही सांगितलं नाही. लंकाबाई आजही मला वाटेत भेटली की डोक्यावरचा पदर सावरून, "भावजी, बरं हाय का?" विचारते. एवढ्यावरनं मला कळतं.

त्याच वर्षी काकासाहेबांनी दुसरी गाडी घेतली. टायर आणायला निघालो तेव्हा काकासाहेब म्हणाले, रंगनाथला घेऊ संगं, चाकाचं काम हाय. आला. दत्तोपंतांच्या दुकानात वजन मी धरलं, टायर मी सांगितला, आठ प्लाय. पंतांनी मान डोलावली. रंगनाथ एका कडेला उभा होता. टायर भिंतीपासून उभा केला तसा मी सवयीनं हात पुढं केला. तेवढ्यात तो मध्ये आला. डावा हात वर आणि उजव्या हाताचं ताठ मनगट कडेला लावून त्यानं टायर रस्त्यावर घेतला. टायर डुलत होता, त्याला सावरताना त्याचं धोतर धुळीत गेलं. एक, दोन. तिसऱ्या पावलाला टायर कलंडायला आला, मी पुढं झालो, त्यानं मान हलवून नको म्हणलं. चार. पाच.

दत्तोपंतांना आठवण होती. "काय रंगनाथ, आज ड्रायव्हर नाही लोटत?"

"त्येला कशाला तरास?" तो म्हणाला. "म्या लोटतो."

त्यानंतर माझ्या गाडीला जेवढे टायर लागले तेवढे त्यानंच लोटले, त्या हातानं. मला परत कधी लोट म्हणून सांगितलं नाही.